गोल टोकांची अक्षरे

बाजारपेठेतील रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंस पाट्यांची रांग लागते. न्यायालयाच्या इमारतीवरील नाव ताठ आणि गंभीर अक्षरांत कोरलेले असते. सराफाच्या पेढीवरील अक्षरे नाजूक व नटवी असतात. जवळच आइस्क्रीमचे किंवा खेळण्यांचे दुकान असेल, तर त्याच्या पाटीवर बहुधा जाड, गुबगुबीत आणि टोकांशी गोल केलेली अक्षरे आढळतात. पाटीवरील मजकूर वाचून होण्यापूर्वीच त्या दुकानाचा स्वभाव पाहणाऱ्याच्या ध्यानात आलेला असतो.

बोलताना शब्दाच्या जोडीला आवाजाचा सूर असतो. 'या' हा एकच शब्द कोणी दारात उभे राहून हसतमुखाने उच्चारतो, तर कोणी कपाळाला आठ्या घालून. शब्द तोच, परंतु पहिल्याने पाहुण्याला आत यावेसे वाटते आणि दुसऱ्याने त्याचे पाऊल उंबरठ्याशीच अडखळते. कागदावर किंवा पाटीवर आवाज नसतो. तेथे सुराचे काम अक्षराच्या आकारालाच करावे लागते. एकाच घाटाने घडविलेल्या सर्व अक्षरांच्या संचाला मुद्राक्षर असे म्हणतात. संगणकावर काम करणारे लोक त्यालाच 'फॉन्ट' म्हणतात. ठळक अंगाचे आणि गोल टोकांचे मुद्राक्षर हे जणू हसतमुखाने म्हटलेले 'या' होय. असे अक्षर दिसते सोपे. ते घडविणे मात्र फार कठीण असते.

गोल आकार माणसाला आपुलकीचा का वाटावा? या प्रश्नाचा शास्त्रज्ञांनीही विचार केला आहे. वोल्फगांग कोहलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने लोकांपुढे दोन निरर्थक आकृत्या ठेवल्या. एक गोलसर वळणांची होती आणि दुसरी अणकुचीदार कोनांची होती. त्यांबरोबर दोन निरर्थक शब्द देऊन, कोणते नाव कोणत्या आकृतीचे असावे, असे त्याने विचारले. २००१ साली भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड हबर्ड यांनी 'बूबा' व 'किकी' हे शब्द घेऊन अशीच परीक्षा केली. शंभरांपैकी ९५ किंवा त्याहून अधिक लोकांनी गोल आकृतीला 'बूबा' व टोकदार आकृतीला 'किकी' म्हटले. अमेरिकेतील विद्यार्थी आणि तमिळ बोलणारे लोक यांची उत्तरे याबाबतीत सारखीच होती. आकार आणि भाव यांचा संबंध निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांनाही सारखाच जाणवतो, असे यावरून दिसते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका संशोधनात, टोकदार वस्तूंपेक्षा वळणदार कडांच्या वस्तू लोकांना अधिक आवडतात, असे आढळून आले.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. काटा, सुळा, नखी, फुटलेली काच या टोकदार वस्तू माणसाला जपून राहावयास शिकवितात. पिकलेले फळ, लोण्याचा गोळा, तान्ह्या बाळाचे गाल यांना कोठेही टोक नसते. यात सवयीचाही वाटा आहे. खाऊच्या पुड्यांवर, खेळण्यांच्या खोक्यांवर आणि बालगीतांच्या पुस्तकांवर वर्षानुवर्षे गोल अक्षरे दिसत आल्यामुळे, ती पुन्हा दिसली की तीच गोडी मनात जागी होते.

तथापि लिहिणाऱ्याच्या मनात आले आणि अक्षर गोल झाले, असे पूर्वी घडत नसे. अक्षराचे रूप पुष्कळदा लिहिण्याच्या साधनाने ठरविले आहे. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. त्यामुळे हात एका दिशेने गेला की रेघ जाड उमटते आणि दुसऱ्या दिशेने गेला की बारीक. जुन्या पोथ्यांतील देवनागरी अक्षरांचे जाड-बारीक सौंदर्य त्या तिरक्या टोकातूनच जन्मले. दगडावर छिन्नी चालते. ती सरळ रेषा आणि धारदार कडा देते. ताडपत्रावर टोकदार लोखंडी लेखणीने सरळ आडव्या रेघा ओढल्या तर पान चिरण्याची भीती असे. म्हणून ओडिया आणि दक्षिणेतील काही लिप्यांना गोल वळणे आली, असे मानले जाते.

रोमन लिपीच्या छापील अक्षरांना तर शेकडो वर्षे टोकाशी लहान आडव्या शेपट्या असत. १८१६ साली लंडन येथील विल्यम कॅस्लन या चौथ्या पिढीतील टंककाराने आपल्या नमुना-पुस्तकात शेपट्या नसलेली मोठी अक्षरे छापली. अशा प्रकारच्या छपाईच्या अक्षरांचा तो पहिला ज्ञात नमुना समजला जातो. शेपट्या गेल्या, अक्षराचे अंग उघडे झाले; परंतु त्याची टोके अद्याप कापल्यासारखी चौकोनीच होती.

ती टोके गोल होण्यासही साधनांचे साहाय्य झाले. धातूच्या पत्र्यावर नाव कोरणाऱ्या यंत्राचे फिरते टोक गोल असते. ते जेथून आत शिरते आणि जेथून बाहेर निघते, तेथे आपोआप गोल खूण उमटते. दुकानांवर रात्री झळकणाऱ्या निऑन दिव्यांची अक्षरे काचेच्या नळ्या तापवून व वाकवून केलेली असतात. नळीला धारदार कोन देता येत नाही. गोल कुंचला, खडू, जाड टोकाची लेखणी या सर्वांची रेघ गोल टोकाचीच निघते. म्हणूनच गोल अक्षर पाहताना ते यंत्रापेक्षा माणसाच्या हाताच्या अधिक जवळचे वाटते.

अशा अक्षरांचा मोठ्या उद्योगाने केलेला एक उपयोग प्रसिद्ध आहे. जर्मनीतील फोक्सवॅगन ही मोटारी बनविणारी कंपनी आपल्या जाहिरातींत 'फ्युचुरा' नावाचे मुद्राक्षर वापरीत असे. ते १९२७ सालचे, शेपट्या नसलेले आणि भूमितीच्या आकृत्यांसारखे नेटके होते. तिच्याच परिवारातील ऑडी कंपनी 'टाइम्स' हे शेपट्यांचे मुद्राक्षर वापरी. ते लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्रासाठी तयार होऊन १९३२ साली वापरात आले होते. पुढे दोन्ही मोटारी एकाच छपराखाली विकल्या जाऊ लागल्या. आता पाटीवर कोणाची अक्षरे लावावयाची? एकीची घेतली तर दुसरी दुय्यम ठरणार! तेव्हा दोहोंसाठी एक नवे मुद्राक्षर तयार करविण्यात आले आणि १९७९ साली ते वापरात आले. त्याची सर्व टोके गोल होती. जर्मन भाषेत त्याला 'रुंडश्रिफ्ट', म्हणजे गोल अक्षर, असे नाव मिळाले. पुढे अ‍ॅपल या कंपनीने आपल्या संगणकांच्या कळांवर हीच अक्षरे अनेक वर्षे वापरली. २०१५ पासून तिने दुसरे वळण स्वीकारले. लोखंडाच्या मोटारी आणि गुंतागुंतीचे संगणक विकणाऱ्यांनाही लोकांशी बोलताना मऊ सुराची गरज वाटली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता कोणी म्हणेल, की अक्षर जाड करावे आणि टोके घासून गोल करावीत. यात अवघड ते काय? प्रत्यक्ष काम करू लागले, म्हणजे अडचणी एकामागून एक उभ्या राहतात.

पहिली अडचण डोळ्यांच्या भ्रमाची. समान उंचीचा चौकोन आणि वर्तुळ शेजारी शेजारी काढले, तर वर्तुळ लहान दिसते. म्हणून गोल अक्षर चौकोनी अक्षरापेक्षा किंचित मोठे काढावे लागते, तेव्हा कोठे ती दोन्ही सारखी भासतात. त्याचप्रमाणे समान जाडीची आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते. तिला थोडी बारीक करावी लागते. पट्टीने मोजले तर असमान, पण डोळ्यांना समान, अशी ही युक्ती आहे.

दुसरी अडचण पोकळीची. अक्षर जसे रेघेने घडते, तसेच ते रेघेच्या आत राहिलेल्या मोकळ्या जागेनेही घडते. 'ब' च्या पोटातील मोकळी जागा बुजली तर तो काळा गोळा होईल. रेघ जितकी जाड करावी, तितकी ही जागा आकसत जाते. म्हणून ठळक अक्षर घडविणारा कारागीर रेघेइतकेच लक्ष आतल्या पोकळीकडे देतो. जेथे दोन रेघा मिळतात, तेथे शाईचा गोळा जमल्यासारखा डाग दिसू नये, म्हणून तो त्या सांध्याशी रेघ हळूच बारीक करतो.

देवनागरी लिपीत या अडचणी अधिकच वाढतात. रोमन अक्षरे एका ओळीत सुटी उभी असतात. देवनागरी अक्षराला मात्र डोक्यावर मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार, पायाशी उकार, आणि कुशीत दुसरे जोडलेले अक्षर, असा संसार सांभाळावा लागतो. 'र्त्स्न्ये' यासारखे अक्षर बारीक रेघेतही दाटीने बसते. अंगाने जाड झाल्यावर त्याने कोठे मावावे?

शिरोरेषेचा प्रश्न तर फारच मजेदार आहे. गोल टोकांचे मुद्राक्षर करावयाचे, म्हणून प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेची दोन्ही टोके गोल केली, असे समजा. 'कमल' हा शब्द जुळविताच 'क' आणि 'म' यांच्या मध्ये, तसेच 'म' आणि 'ल' यांच्या मध्ये, वरून व खालून खाचा दिसू लागतील. एकसंध शिरोरेषेऐवजी मण्यांची माळ तयार होईल! म्हणजे अक्षरे जेथे एकमेकांना भेटतात, तेथे टोक सपाट हवे. शब्द जेथे संपतो, तेथे ते गोल शोभते. एकाच अक्षराला शेजारी पाहून वागावे लागते.

सर्वांत महत्त्वाची अडचण अर्थाची आहे. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' या जोड्यांतील भेद किती थोडा आहे, हे पाहावे. 'ध', 'भ' आणि 'थ' यांची शिरोरेषा डाव्या बाजूस तुटलेली असते व तेथे एक लहान वळसा असतो. अक्षर जाड करताना ती फट बुजली आणि वळसा गोळ्यात मिसळला, तर 'धडा' वाचावयास घेतलेल्या मुलाच्या हाती 'घडा' येईल, आणि 'भाऊ' म्हणून हाक मारली तर 'माऊ' येईल! अक्षर कितीही गोजिरवाणे असले, तरी ते चुकीचे वाचले गेले तर व्यर्थ होय. गोलपणा वाढवावा, पण ओळख पुसू नये, या सीमेवर कारागिराला सतत चालावे लागते.

या सीमेवर उत्तम तऱ्हेने चालून दाखविणारी दोन मुद्राक्षरे मुंबईत जन्मास आली आहेत. 'एक टाइप' या नावाने एकत्र आलेल्या मुद्राक्षरकारांनी ती घडविली. त्यांपैकी एकाचे नाव 'मोदक' असे आहे. देवनागरीतील अत्यंत गुबगुबीत मुद्राक्षरांत त्याची गणना होते. त्यातील अक्षरे इतकी फुगलेली आहेत, की आतल्या पोकळ्यांच्या केवळ बारीक फटी उरल्या आहेत; आणि तरीही त्या फटी अशा नेमक्या जागी ठेवल्या आहेत, की अक्षर ओळखता येते. उकडीच्या मोदकाच्या कळ्या जशा बोटांनी एकेक करून पाडाव्या लागतात, तसे यातील प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे घडवावे लागले.

दुसऱ्याचे नाव 'बालू' असे आहे. हे नाव ऐकताच रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ सालच्या 'जंगल बुक' या पुस्तकातील प्रेमळ अस्वल आठवते; आणि अक्षरेही तशीच भारदस्त अंगाची, मऊ व खेळकर आहेत. बालूचे वैशिष्ट्य एवढेच नाही. त्याच्या निर्मात्यांनी केवळ देवनागरीचा विचार केला नाही. भारतातील निरनिराळ्या लिप्यांसाठी त्यांनी एकाच कुळातील वेगवेगळे संच तयार केले, आणि प्रत्येक संचात त्या लिपीच्या जोडीला रोमन अक्षरेही दिली. देवनागरीचा तो नुसता 'बालू'. गुजराती लिपीतील 'बालू भाई', उर्दूतील 'बालू भाईजान', ओडियातील 'बालू भाइना', बंगालीतील 'बालू दा', गुरुमुखीतील 'बालू पाजी', मल्याळममधील 'बालू चेट्टन', कन्नडमधील 'बालू तम्मा', तेलुगूतील 'बालू तम्मुडू' आणि तमिळमधील 'बालू तंबी' अशी त्यांची नावे आहेत. भाई, दा, चेट्टन, तंबी हे सारे शब्द त्या त्या भाषेत थोरल्या किंवा धाकट्या भावाला हाक मारण्याचे आहेत. पंजाबीतील 'पाजी' म्हणजेही थोरला भाऊच. मराठीत ज्याला पाजी म्हणतात, तो नव्हे.

ही भावंडे एका कुळातील असली, तरी एकसारखी नाहीत. देवनागरी व बंगाली शिरोरेषेखाली चालतात. तमिळ आणि तेलुगू यांना शिरोरेषाच नाही. ओडियाच्या अक्षरांचे माथे मुळातच कमानीसारखे आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे वाहत जाते. एका लिपीचा आकार दुसरीवर लादला असता, तर तिचे वाचक तिला परकी समजले असते. म्हणून जाडी, मऊपणा आणि खेळकरपणा यांत सारखेपणा ठेवून, प्रत्येक लिपीला तिच्या स्वतःच्या वळणाने जाऊ दिले आहे. भावाभावांच्या तोंडवळ्यात साम्य असावे आणि स्वभाव मात्र ज्याचा त्याचा असावा, तसेच हे आहे.

याची आवश्यकता काय होती? एखादी जाहिरात, औषधोपचाराविषयीचे भित्तिपत्रक किंवा मुलांच्या ग्रंथालयाची पाटी इंग्रजीत सुंदर, हसऱ्या अक्षरांत दिसावी आणि मराठी, कन्नड वा ओडिया मजकूर मात्र हाती लागेल त्या ओबडधोबड अक्षरांत उरकलेला असावा, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसते. इंग्रजी वाचणाऱ्याचे हसून स्वागत करावे आणि मातृभाषेत वाचणाऱ्याला कसेबसे आत घ्यावे, असा त्याचा अर्थ होतो. प्रत्येक वाचकाला आपल्या लिपीत सारखाच आदर व सारखीच आपुलकी मिळावी, ही साधी अपेक्षा आहे. शिवाय 'मोदक' आणि 'बालू' ही दोन्ही मुद्राक्षरे खुल्या परवान्याने दिलेली आहेत. ती कोणालाही विनामूल्य वापरता येतात आणि परवान्याच्या अटी पाळून त्यांत सुधारणाही करता येतात. त्यामुळे मोठ्या कंपनीला जे अक्षर मिळते, तेच गावातील लहानशा बेकरीला किंवा शाळेच्या हस्तलिखितालाही मिळू शकते. पुढे बालूचे जाडीनुसार पाच प्रकारही करण्यात आले.

एवढे असले, तरी गोल व ठळक अक्षर सर्वत्र शोभत नाही. ते पाटीसाठी, शीर्षकासाठी आणि थोड्या शब्दांसाठी असते. संपूर्ण पुस्तक अशा अक्षरांत छापले, तर पान काळवंडलेले दिसेल आणि डोळे लवकर शिणतील. दुःखद वार्तेच्या पत्रात ते उथळ वाटेल, आणि धोक्याच्या सूचनेत त्याच्या हसऱ्या रूपामुळे धोक्याचे गांभीर्यच कमी होईल. लग्नातील पोशाख जसा प्रत्येक प्रसंगी घालता येत नाही, तसेच अक्षरांचेही आहे. प्रसंग ओळखून अक्षर निवडणे हाही विवेकाचाच भाग होय.

विवेकाची गरज वाचणाऱ्यालाही आहे. अक्षर गोड दिसले म्हणून पुडीतील माल चांगला असतोच असे नाही. गोल अक्षरांची मोहकता ठाऊक असल्यामुळेच काही विक्रेते निकृष्ट मालावरही ती छापतात. हसतमुखाने 'या' म्हणणारा प्रत्येक मनुष्य सज्जन असतो असे नव्हे, हे जसे माणूस अनुभवाने शिकतो, तसेच पुडीवरील मोठ्या गोल अक्षरांच्या खाली बारीक अक्षरांत दिलेले घटक, वजन आणि तारीख वाचावयास त्याने शिकले पाहिजे.

चांगल्या अक्षराच्या पाठीमागे कोणा कारागिराचे दीर्घ परिश्रम असतात आणि वाचकाला ते जाणवतही नाहीत. त्याने एखादी फट केसभर रुंद ठेवली, म्हणून 'भाऊ' हा 'भाऊ'च राहतो. त्याने एखादी कड मऊ केली, म्हणून अनोळखी दुकानाची पाटीही ओळखीची वाटते. पुढच्या वेळी अशी पाटी दृष्टीस पडेल, तेव्हा तिच्यावरील नाव वाचून झाल्यावर क्षणभर थांबून त्या अक्षरांच्या पोटातील मोकळ्या जागाही पाहाव्यात. कारागिराचे खरे कसब तेथेच दडलेले असते.

अभ्यास

१. 'कागदावर सुराचे काम अक्षराच्या आकाराला करावे लागते', हे विधान एका उदाहरणाने स्पष्ट करा.

२. लिहिण्याच्या साधनामुळे अक्षराचे रूप कसे बदलते, ते बोरू, ताडपत्र आणि काचेची नळी यांच्या आधारे सांगा.

३. देवनागरी अक्षर जाड व गोल करताना कोणत्या अडचणी येतात?

४. 'बालू' मुद्राक्षराच्या भावंडांची नावे लिहून प्रत्येकाची लिपी सांगा.

५. 'भाऊ', 'धडा' आणि 'थवा' हे शब्द प्रथम बारीक लेखणीने व नंतर जाड टोकाच्या लेखणीने लिहून पाहा. जाड अक्षरांत कोणती जागा बुजली, ते वहीत नोंदवा.

६. आपल्या गावातील पाच पाट्यांवरील अक्षरांचे निरीक्षण करा. त्या अक्षरांचे रूप त्या त्या कामाला शोभते की नाही, ते कारणांसह लिहा.